दोषांच्या रकान्यातला पाय

प्रिय जोएल आणि एलाईन,

मार्च महिन्यात जोएलने मला एक लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, 'आजी, तुझे नॉर्वेवाले टेप्स ऑनलाइन आलेत! सो क्लीन!' मी उत्तर दिलं नाही. मग जोएल, तू आईला विचारलंस, आजी रागावलीय का? हो, रागावले होते. तुझ्यावर नाही. नेमकी कुणावर, हे ठरवायला मला सात महिने लागले, म्हणून आज लिहिते आहे.

दुसरं कारण असं की, वसईहून आपल्या गावच्या नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, कतारमधल्या नोकरीचे अनुभव लिहा. वाळवंट, उंट, परदेशातलं एकटेपण." उंटाबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. मी दोह्यात तेवीस वर्षं एका थंडगार खोलीत बसून ध्वनिफितींची कार्डं लिहिली. तेव्हा अंकासाठी आणि तुमच्यासाठी एकच लेख लिहिते. तुम्हाला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत देता आणि वाचता तर येतच नाही, त्यामुळे तुमची आई हे वाचून दाखवील. मध्येच 'व्हॉट इज रकाना?' म्हणून तिला थांबवू नका. रकाना म्हणजे कॉलम. सगळं प्रकरण एका रकान्याचंच आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. लोकांना वाटतं, ध्वनिसंग्रहालयात बसून आम्ही दिवसभर गाणी ऐकायचो. ऐकायचो खरं, पण तपासनीस पंगतीत जेवतो तसं. फीत मशीनवर चढवायची, कानाला हेडफोन लावायचा आणि कार्डावर लिहायचं: वाद्य कुठलं, वाजवणारा कोण, किती मिनिटं, कुठे आणि कुणी टिपलं. शेवटचा रकाना दोषांचा. त्यात चार गोष्टी ठरलेल्या: फितीची सरसर, विजेची गुणगुण, चरा पडल्याची टिकटिक आणि ठोका. ठोका म्हणजे मागे कुठे दार आपटलं, कुणी टेबलाला धक्का दिला, असला आवाज. ज्याच्यापुढे फीत जाईल, त्याला हा रकाना पाहून कळायचं की हिच्यातून काय काढून टाकायचं आहे. माझी कार्डं छापल्यासारखी असत. खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही. आमच्या कचेरीत नवं माणूस आलं की त्याला माझी कार्डं नमुना म्हणून दाखवत. हे मी अभिमानाने सांगते आहे, आणि हा अभिमान पुढे कुठे नडला तेही सांगणार आहे.

आता नॉर्वे. हाल्वोर नावाचे एक इंजिनिअर एका कारखान्याच्या उभारणीसाठी दोह्याला आले होते. उंच, वाकलेले, बोलायला अगदी कमी. निवृत्त होऊन परत जाताना त्यांनी एक लाकडी खोका आमच्या संस्थेला दिला. त्यात काही नाचाच्या तबकड्या होत्या, आणि चौदा फिती. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत त्यांनी स्वतः टिपलेलं, त्यांच्या वडिलांचं वादन. वडिलांचं नाव तोर्स्तेन. डोंगरातल्या एका खोऱ्यात शेती करायचे आणि लग्नाकार्यात फिडल वाजवायचे.

"तुमच्याकडच्या संग्रहालयाला का नाही दिल्या?" मी विचारलं.

"विचारलं होतं. ते म्हणाले, हे नाच आमच्याकडे आहेत."

"मग?"

"नाच असतील. वडील नाहीत." मग ते म्हणाले, "फिलोमिना, मला फक्त एवढं हवंय. जसं आहे तसं राहू दे. ते जसे वाजवायचे, तसं."

मी म्हटलं, राहील. लिहून नाही दिलं, पण शब्द दिला. देणारा आणि घेणारी संस्था, दोन्ही टोकांना ओळखणारी एकच बाई असेल, तर तिचा शब्द हीच पावती असते.

त्यांनी त्या फितींमागची हकिगत सांगितली, तीही तुकड्या-तुकड्यांनी. देशावर पाच वर्षं जर्मनांचा ताबा होता. तो संपला आणि तरुण पोरांना जुनं काही नकोसं झालं. त्यांना अमेरिकन जॅझ हवा होता, नाहीतर स्वीडनहून येणाऱ्या अकॉर्डियनच्या तबकड्या. फिडल म्हणजे म्हाताऱ्यांचं. हाल्वोरसाहेब स्वतः शनिवारी गावच्या सभागृहात गिटार वाजवायचे, अकॉर्डियनवाल्याच्या शेजारी उभं राहून, आणि त्याच नाचाला पूर्वी त्यांचे वडील वाजवायला जात असत. वडील आता घरी बसत. त्या गिटारच्या कमाईतून पोराने टेपरेकॉर्डर घेतला, आणि त्यावर पहिलं काही टिपलं असेल तर ते वडिलांचं वाजवणं. मी विचारलं, त्यांना बरं वाटलं का? म्हणाले, "त्यांनी विचारलं, हे यंत्र अकॉर्डियनपण टिपतं का? मी म्हटलं, हो. मग म्हणाले, तर मग काय उपयोग."

संस्थेत मात्र मला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न. वरिष्ठ बदलले, पण प्रश्न बदलला नाही. "मिस फिलोमिना, कतारमध्ये नॉर्वेचं संगीत कशाला?" मी प्रत्येकाला सांगायची, कतारमध्ये वसईची बाई कशाला, तसंच. त्यावर हसायचे आणि फिती 'युरोप, किरकोळ' या फळीवर ठेवायला सांगायचे. किरकोळ! मी ती पाटी तीन वेळा काढली आणि ती तीन वेळा परत लागली.

गिऱ्हाइकंही तशीच. दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका हॉटेलातून मेजवान्या ठरवणारे एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे कंपनीची 'व्हायकिंग नाइट' होती. मी त्यांना तोर्स्तेनचं वादन ऐकवलं. अर्धं मिनिट ऐकून म्हणाले, "मॅडम, हे फार उदास आहे. शिंगं फुंकल्यासारखं काही नाही का?" मी म्हटलं, व्हायकिंगांनी टोपीला शिंगं कधी लावलीच नव्हती. "पण आमच्या शिंगांच्या टोप्या आल्यात ना, दीडशे!" शेवटी कुठल्याशा सिनेमाचं ढोलाचं संगीत घेऊन गेले. जाताना मला एक टोपी देऊ करत होते.

हे फिडल म्हणजे साधं व्हायोलिन नाही. वाजवायच्या चार तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात. त्यांना कुणी हात लावत नाही. वरची तार वाजली की खालच्या आपोआप गुणगुणतात. आपल्या सारंगीच्या तरफा असतात ना, तसंच. पहिली फीत लावली तेव्हा ती गुणगुण ऐकून मशीनवाल्याने ताबडतोब सांगितलं, "विजेची गडबड आहे, दोषात लिहा." मी म्हटलं, थांबा. विजेची गुणगुण एका सुरात राहते, ही सुराबरोबर बदलते आहे. हा दोष नाही, हे वाद्य आहे. दोन दिवस वाद घालून मी ती गुणगुण दोषांच्या रकान्यातून बाहेर ठेवली. त्या दिवशी घरी येऊन तुमच्या आजोबांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा ते म्हणाले, "कळलं, तू वाचवलंस नॉर्वे."

आणि त्याच कार्डावर, त्याच दिवशी, मी खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ठोका, सतत.

कारण ठोका होताच. वाजवणं सुरू झालं की मागे 'ठाक... ठाक-ठाक' सुरू व्हायचं आणि वाजवणं संपलं की थांबायचं. एकसारखा नाही, कधी लवकर, कधी उशिरा. मला वाटलं, जुन्या टेपरेकॉर्डरचं चाक अडकत असेल. अशी नऊ कार्डं मी लिहिली. नऊच्या नऊ कार्डांवर, शेवटच्या रकान्यात: ठोका, सतत, अनियमित.

दहाव्या फितीच्या वेळी माझा हेडफोन बिघडला होता, म्हणून मी स्पीकरवर लावली. खोलीत बाबल मेस्त्री नव्या फळ्या बसवत होते. मालवणकडचे सुतार, साठीला आलेले, बायकामुलं गावी आणि स्वतः पंधरा वर्षं इथे कामगारांच्या कॅम्पात. दोघांना मराठी येतं म्हटल्यावर आमच्यात हिंदी बोलायचा प्रश्न नव्हता, पण त्यांची मराठी आणि माझी मराठी यांच्यामध्ये कोकणाएवढं अंतर होतं.

मेस्त्रींनी रंधा थांबवला. "बाय, ह्या काय वाजता?"

"व्हायोलिन, मेस्त्री. नॉर्वेचं."

"व्हायोलिन कळला माका. ता खालचा इचारतंय. ठाक, ठाक-ठाक."

"ते मशीनचं आहे. नाहीतर दार वाजत असेल."

"दार?" ते हसले. "दाराक इतकी अक्कल खयसून? पाय हा तो, बाय. बूट घातलेलो पाय. फळ्यांची जमीन हा, खालसून पोकळ. माणसाची टाच जड आसा. आणि उजव्या अंगाक एक फळी सैल झाली हा, आयका... ही! तिका एक खिळो मारूक होयो."

मी फीत मागे घेतली. पुन्हा ऐकली. एकदा पाय म्हणून ऐकल्यावर ते दार व्हायलाच तयार होईना. एक माणूस खुर्चीवर बसला आहे, हातात फिडल आहे, आणि त्याची टाच घराच्या जमिनीवर पडते आहे.

मी हाल्वोरसाहेबांना नॉर्वेला फोन लावला. विचारलं, मागे ठाक-ठाक आवाज येतो तो कसला?

ते म्हणाले, "ते माझे वडील आहेत. तुम्हाला काय वाटलं?"

"आणि एक फळी सैल..."

"ती फळी! माझी आई वीस वर्षं ओरडत होती." आमच्या सगळ्या ओळखीत मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं ते एकदाच. "कुणी ओळखलं?"

मग त्यांनी समजावलं, आणि ते तुम्हीही नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. त्या खोऱ्यातला नाच तीन पावलांचा, पण ती तीन पावलं सारखी नसतात. पहिलं लांब, दुसरं मध्यम, तिसरं आखूड. किती लांब आणि किती आखूड, ते गावागणिक वेगळं, वाजवणाऱ्यागणिक वेगळं. नुसतं फिडल ऐकून पाऊल कुठे टाकायचं ते बाहेरच्याला कळत नाही, कारण सूर पावलाच्या आधी सुरू होतो, नाहीतर नंतर संपतो. ते सांगतो फक्त वाजवणाऱ्याचा पाय. नाचणारे फिडलवर नाचत नाहीत, पायावर नाचतात. शिकणाऱ्या पोराला आधी पाय शिकवतात, हातात फिडल नंतर देतात. "फिडल माझ्या वडिलांपेक्षा बरं वाजवणारे होते," हाल्वोरसाहेब म्हणाले. "पाय त्यांचाच."

मला हे आधी का कळलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वसईला मी चर्चच्या कॉयरमध्ये आठ वर्षं व्हायोलिन वाजवलं. आमचे मास्तर हातात पातळ वेताची काठी घेऊन बसायचे. सूर चुकला तर ते नुसते बघायचे. पण पाय हलला की घोट्यावर काठी. "देवळात आहोत, लग्नात नाही!" ताल मनात ठेवायचा, पाय जमिनीला खिळवायचा, हेच चांगलं वादन. मी इतकं चांगलं शिकले होते की वाजवणाऱ्याचा पाय ऐकू आला तर तो माझ्या लेखी दोषच होता. तो कुठल्या रकान्यात टाकायचा, हे मला विचार करून ठरवावंच लागलं नाही.

असो. दहाव्या फितीपासून मी रीतसर दुरुस्ती केली. ठोका हा शब्द दोषांच्या रकान्यातून काढला आणि वाद्याच्या रकान्यात लिहिलं: फिडल आणि वादकाचा पाय. उरलेल्या पाच कार्डांवर तसंच आहे.

आता आधीची नऊ कार्डं. ती दुरुस्त करायला काय लागलं असतं? दोषांच्या रकान्यावर एक रेघ, वर दोन शब्द. एका दुपारचं काम. पण मग कार्डांवर खाडाखोड झाली असती. नमुन्याच्या कार्डांवर! नवीन लिहायची म्हटली तर क्रमांकाची छापील कार्डं संपली होती आणि मागवायला अर्ज करावा लागणार होता. म्हणून मी काय केलं, तर नऊ चिठ्ठ्या लिहिल्या, 'ठोका म्हणजे वादकाचा पाय, काढू नये', आणि प्रत्येक कार्डाला एकेक टाचणीने लावली. कार्ड स्वच्छ राहिलं. मी समाधानाने घरी गेले.

निवृत्त झाले, तुमचे आजोबा गेले, आणि मी दोह्यातच, अल थुमामात, ग्लेनमामाकडे राहायला आले. संस्थेच्या फिती वेस्ट बेच्या कचेरीतून दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मदच्या एका गोदामात हलवल्याचं कानावर आलं होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. निवृत्त बाईने सारखं डोकावू नये म्हणतात. आता वाटतं, डोकावायला हवं होतं, हाकलून देईपर्यंत.

मग मार्चमध्ये जोएलची लिंक आली. मी चष्मा लावून, चहा बाजूला ठेवून पहिली फीत ऐकली. तरफांची गुणगुण होती, स्वच्छ, सुंदर. फिडल होतं. आणि खाली काही नव्हतं. तोर्स्तेन हवेत बसून वाजवत होता. दुसरी ऐकली, तिसरी ऐकली. नवव्या फितीपर्यंत तेच. दहावीला पाय सुरू झाला, सैल फळीसकट. चहा गार झाला होता.

चार दिवसांनी नॉर्वेहून फोन. हाल्वोरसाहेब आता नव्वदीला टेकलेत. त्यांच्या भाचीची मुलगी तिथे तरुणांचा एक नाचाचा गट चालवते. ज्या पोरांच्या आजोबांना फिडल नको होतं, त्या पोरांना आता तेच हवं आहे. लिंक मिळाल्यावर सगळे जमले, स्पीकरवर पहिली फीत लावली, जोड्या उभ्या राहिल्या. आणि कुणालाच पाऊल टाकता येईना. म्हाताऱ्यांनाही नाही.

"फिलोमिना," ते म्हणाले, "माझ्या वडिलांचा पाय कुठे आहे?"

"मी बघते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून वेस्ट बेला गेले. आता तिथे नादिया नावाची बाई प्रमुख आहे. तरुण, हुशार, अतिशय गोड बोलते, आणि तुमचं काम होणार नसेल तर जास्त गोड बोलते. खजूर पुढे केले, कॉफी मागवली.

"मिस फिलोमिना! तुमच्या कार्डांशिवाय हे शक्यच नव्हतं."

"मूळ फिती कुठे आहेत?"

"गोदामातलं एसी एका उन्हाळ्यात बंद पडलं होतं. फितींना आंबट वास यायला लागला."

"व्हिनेगरसारखा. माहीत आहे. पुढे?"

"मग आम्ही घाईने सगळ्या संगणकात उतरवल्या. बंगळुरूच्या एका स्टुडिओकडून साफ करून घेतल्या. मूळ फिती तोपर्यंत चुरा होत होत्या. त्या... खलास."

"संगणकात पहिल्यांदा उतरवलं ते? साफ करण्याआधीचं?"

"ते वर्षभर ठेवतात. मग जागेसाठी पुसतात. नियम आहे."

"आणि माझ्या चिठ्ठ्या?"

"कुठल्या चिठ्ठ्या?"

कार्डं मशीनमधून स्कॅन करायची होती. मशीनमध्ये टाचण्या चालत नाहीत. कुणीतरी शिस्तीने सगळ्या टाचण्या काढल्या होत्या. टाचण्या एका डबीत जपून ठेवल्या आहेत. त्या नादियाने मला दाखवल्या. चिठ्ठ्या कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही. "आम्ही शोधू, इन्शाल्ला," नादिया म्हणाली. तेवीस वर्षांत हा शब्द मी इतक्या तऱ्हांनी ऐकला आहे की कुठला म्हणजे 'हो' आणि कुठला म्हणजे 'उठा आता' हे मला कळतं. मी उठले.

मला राग काढायला माणूस हवा होता, आणि तो बंगळुरूत होता. नादियाकडून नंबर घेतला. त्याचं नाव श्रीनिवास. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि मला आठवतात तेवढे सगळे कडक शब्द वापरले. वादकाचा पाय कापून टाकला! कान आहेत की नाही? तो ऐकत राहिला. मग नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव फिलोमिना ना? कार्डावर सही तुमचीच आहे. दोष क्रमांक चार, ठोका, सतत, अनियमित. तुम्ही लिहिलंय. मी काढला."

तो तेवढ्यावर थांबला नाही.

"आणि मॅडम, फार कठीण काम होतं. नियमित ठोका असला तर सॉफ्टवेअर आपोआप पकडतं. हा अनियमित, दर वेळी वेगळ्या जागी. नऊच्या नऊ फितींवर मी हाताने एकेक ठोका काढला. तीन महिने. माझी बायको म्हणायची, आता जेवतानाही तुझी बोटं ठाक-ठाक करतात." त्याच्या आवाजात तीच गोष्ट होती जी माझी कार्डं दाखवताना माझ्या आवाजात असायची.

इतक्या वर्षांत माझं कार्ड कुणी इतकं मन लावून वाचलं नव्हतं.

फोन ठेवून मी गॅलरीत बसले. ग्लेनमामा येऊन म्हणाला, "मम्मी, टाचणी तू नाही काढलीस, एसी तू नाही बंद केलं." बरोबर आहे. गोदामवाले चुकले, स्कॅनवाले चुकले, नियम करणारे चुकले. मी प्रत्येकाची चूक क्रमाने सांगू शकते, आणि गेले सात महिने फोनवर तुमच्या आईला सांगतेच आहे. पण कार्डावर एक रेघ मारायची होती, ती मी मारली नाही, कारण कार्ड चांगलं दिसेल की नाही याची मला जास्त काळजी होती. हे ग्लेनमामाला नाही कळणार. त्याचं टेबल तुम्ही पाहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाल्वोरसाहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. 'संस्थेकडून' वगैरे शब्द ओठांवर आले होते, ते गिळले. म्हटलं, "ते मी लिहिलं होतं. दोष म्हणून. आणि कळल्यावर खोडलं नाही."

ते म्हणाले, "नऊ?"

"नऊ. पाच आहेत."

"त्या नऊंमध्ये आईच्या माहेरचा नाच होता," ते म्हणाले. 'असू दे' म्हणाले नाहीत. मला ते आवडलं. त्यांनी 'असू दे' म्हटलं असतं तर मला जास्त लागलं असतं.

आठवड्याने श्रीनिवासचा फोन आला. आपण होऊन. "मॅडम, मला झोप नाही. मी एक शोधलं. ठोके परत आणता येत नाहीत. पण काम करताना मी यादी ठेवतो. प्रत्येक ठोका कुठून काढला, कुठली फीत, मिनिट, सेकंद, सेकंदाचा शंभरावा भाग. बिलाबरोबर द्यायची असते, कुणी बघत नाही. माझ्याकडे आहे."

"किती आहेत?"

"सहा हजारांच्या वर, मॅडम."

मी त्याला म्हटलं, "बाबा रे, तू माझा भाऊ शोभतोस."

यादी नॉर्वेला गेली. भाचीच्या मुलीने ती संगणकावर फिडलशेजारी मांडली, आणि जिथे यादीत आकडा आहे तिथे एक दिवा लागेल अशी सोय केली. दिवा लागला की पाय आपटायचा. हाल्वोरसाहेब म्हणाले, मी आपटतो. गुडघे गेलेत, टाच चालते. फोनवर मला ऐकवलं. मध्येच भाचीची मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमचा पाय दिव्याच्या मागे पडतोय," आणि ते म्हणाले, "यादी चुकीची आहे." त्यावर त्यांचं तिथेच जुंपलं. पुढचं भांडण त्यांच्या भाषेत होतं, मला काही कळलं नाही, पण मी फोन ठेवला नाही.

तेव्हा जोएल, तुझ्या 'सो क्लीन'चं हे उत्तर. आणि एलाईन, तू ऑफिसात नवीन लागली आहेस म्हणून सांगते, आपण लिहिलेलं चूक आहे असं कळलं तर तिथल्या तिथे, त्याच कागदावर खोड. घाण दिसेल. दिसू दे.

आज शिल्लक आहे ते असं. पाच फितींत तोर्स्तेन आणि त्याचा पाय, दोन्ही आहेत. नऊ फितींत फक्त फिडल आहे. त्या नऊंमध्ये पाय कुठे कुठे पडत होता, त्याची यादी आहे.

तुमची,
आजी
अल थुमामा, दोहा